सर्वांत काटक प्राणी कोण? माझं मत गाढवाला

जगातला सर्वांत काटक प्राणी कोणता, हा वाद जुनाच आहे. जून २०२५ मध्ये त्याला आपल्याकडे नव्याने धार आली. शुभांशु शुक्ला अॅक्सिअम-४ मोहिमेतून अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा इस्रोच्या एका प्रयोगासाठी टार्डिग्रेड नावाचे सूक्ष्म जीवही सोबत गेले होते. तेव्हापासून दोन तट पडलेले दिसतात. एका तटाचं म्हणणं, उकळा, गोठवा, अवकाशात सोडा, तरी न मरणारा टार्डिग्रेडच खरा काटक. दुसऱ्या तटाला हे पटत नाही. डोळ्यांना धड दिसतही नाही असला कसला काटक प्राणी, असं म्हणत तो वाघ, सिंह, हत्ती, नाहीतर सिंहाच्याही अंगावर जाणारा हनी बॅजर हा छोटा शिकारी प्राणी पुढे करतो. माझ्या मते दोन्ही तट चुकीच्या जागी भांडत आहेत. एकाने काटकपणा आखाड्यात नेऊन ठेवला आहे आणि दुसऱ्याने प्रयोगशाळेत. प्रतिकूल परिस्थितीत जागं राहून, मिळेल ते खाऊन, काम ओढत, पिलं वाढवत जो आपलं आयुष्य पुरं करतो आणि तेही एकाच ठरावीक मुलखात नव्हे, त्याला काटक म्हणावं. या कसोटीवर माझं मत गाढवाला आहे, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने देतो आहे.

आधी आखाड्याबद्दल. वाघ जिंकेल की सिंह, हे पाहण्याची हौस माणसाला किती जुनी आहे! इसवी सन ८० मध्ये रोमचं कोलोझियम खुलं झालं तेव्हाच्या खेळांत हजारो जनावरं मारली गेली; हत्तीपुढे बैल, बैलापुढे गेंडा अशा जोड्या लावल्या गेल्या. मोगल बादशहांना हत्तींच्या झुंजींचं वेड होतं. आपल्याकडे कोल्हापूरला आणि बडोद्याला हत्तींच्या साठमारीचे खास आखाडे बांधले गेले. पण या सगळ्यातून प्राण्याबद्दल कळलं काय? जनावर उपाशी होतं की पोट भरलेलं, दमलेलं की ताजं, पळून जायला वाट होती की नव्हती, हे सगळं माणसाने ठरवायचं आणि निकाल मात्र जनावराच्या नावावर लिहायचा. रानात दोन मोठी श्वापदं समोरासमोर आली तर बहुतेक वेळा एक गुरगुरतं, दुसरं वाट सोडतं. कारण शिकारी प्राण्याला जखम परवडत नाही. १९०७ मध्ये कुमाऊंत जिम कॉर्बेट यांनी मारलेली चंपावतची वाघीण आठवून पाहा. गोळी लागून तिचे उजवीकडचे सुळे मोडले होते, त्यामुळे नेहमीची शिकार तिला जमेना आणि ती माणसं मारू लागली. साळिंदराचे चार काटे पंजात रुतले तरी वाघाची उपासमार सुरू होते. एवढं बळ, पण ते दोन दातांवर आणि एका पंजावर तोललेलं. चित्त्याची गोष्ट याहून बोलकी आहे. जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर करावं लागलं.

हनी बॅजरचं म्हणणं थोडं वेगळं आहे, ते मान्य करायला हवं. त्याची कातडी इतकी जाड आणि सैल की मानगूट धरली तरी तो आतल्या आत वळून चावतो. नागाच्या विषातला मज्जासंस्थेवर घाला घालणारा घटक त्याच्या शरीरात नीट चिकटत नाही, आणि ही सोय आपल्या मुंगसालाही आहे. तो निडर आहे, याबद्दल वाद नाही. पण निडर असणं आणि काटक असणं यांत फरक आहे. बिबटे आणि सिंह हनी बॅजरला मारतात, तेव्हा त्याचा निडरपणा त्याच्या कामी येत नाही. मराठी माणसाने तर हा फरक ओळखायला हवा, कारण आपल्या लष्करी इतिहासात भीमथडीच्या तट्टांची ख्याती कसली होती? झेप घेण्याची नव्हे. मैलोन् मैल चालून, रानातला चारा खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चालण्याची. मोठ्या अंगाच्या अरबी घोड्यांसमोर ती तट्टं दिसायला किरकोळ होती, पण दक्षिणेच्या डोंगराळ, कोरड्या मुलखात ती टिकली.

टार्डिग्रेडची बाजू याहून फार भक्कम आहे. तिला हसून उडवून लावता येत नाही. हा जीव अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, आठ पायांचा, मॉसमध्ये आणि दगडफुलात जगभर सापडणारा. पाणी आटलं की तो पाय आत ओढून घेतो, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी जाऊ देतो आणि सुकलेल्या गोळीसारखा होऊन पडतो. त्या अवस्थेत त्याला प्रचंड उष्णता, निरपेक्ष शून्याजवळची थंडी, माणसाला केव्हाच मारून टाकणारे किरण सोसतात. २००७ मध्ये काही टार्डिग्रेड उघड्या अवकाशात दहा दिवस राहून परत आले, आणि त्यांतल्या काहींनी नंतर अंडीही घातली. अंटार्क्टिकातून १९८३ मध्ये आणलेल्या गोठवलेल्या मॉसमधले टार्डिग्रेड तीस वर्षांनी पाणी मिळताच हलू लागले. हे सगळं मोजलेलं आहे, सिद्ध झालेलं आहे. मग आक्षेप कशाला?

आक्षेप असा, की हे सगळं त्याने जगणं थांबवून केलेलं आहे. त्या काळात तो खात नाही, चालत नाही, वाढत नाही, वीण करत नाही. त्याच टार्डिग्रेडला जागेपणी जरा ताप देऊन पाहा. २०२० मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी डेन्मार्कमधल्या छपरांच्या पन्हळीतून टार्डिग्रेड गोळा केले आणि जिवंत, हिंडत्याफिरत्या अवस्थेत त्यांना गरम पाण्यात ठेवलं. ३७.१ अंश सेल्सिअसला चोवीस तासांत निम्मे मेले. सदतीस अंश म्हणजे आपल्या अंगाचं नेहमीचं तापमान! विदर्भातला मार्च महिना त्यांना जागेपणी झेपणार नाही. योग्य वेळी निजणं हेही एक कौशल्य आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. दख्खनच्या कोरड्या जमिनीत आठ महिने गाडून घेणारे बेडूक त्याच कौशल्यावर जगतात. पण टिकून राहणं आणि सोसत जगणं या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यावर सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजवली गेली. म्हणून ती बी आजच्या एखाद्या उभ्या, फळं देणाऱ्या झाडापेक्षा काटक ठरते का? तिने दोन हजार वर्षं उन्हाळे सोसले नाहीत. तिने ते चुकवले.

मग जागेपणी सोसणारे कोण? इथे खरी स्पर्धा सुरू होते आणि गाढवाला तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटतात. एम्परर पेंग्विनचा नर अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ पायांवर अंडं धरून उभा असतो. शंभरहून जास्त दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट पक्षी अलास्कातून उडाला आणि अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता कापून टास्मानियात उतरला. वाटेत समुद्रच समुद्र, म्हणजे खाणं नाही, पाणी नाही, टेकायला जागा नाही. उड्डाणाआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि स्वतःची आतडीसुद्धा आकसून घेतात. हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो; सात हजार मीटरहून उंच, जिथे माणसाला पाच पावलं चढताना धाप लागते, तिथे तो पंख मारत असतो. या तिघांपुढे मान लववावी लागते आणि मी ती लववतो.

तरीही माझं मत त्यांना नाही, कारण त्यांचा काटकपणा एकेका दोरीला बांधलेला आहे. पेंग्विनला घट्ट समुद्री बर्फ हवा. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या भागात बर्फ वेळेआधी फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींतली पिलं गेली. उणे चाळीस सोसणाऱ्या बापाला पायाखालची लादी विरघळली तेव्हा काहीही करता आलं नाही. गॉडविटला परतीच्या वाटेवर पिवळ्या समुद्राच्या चिखलपट्ट्या लागतात, आणि त्या पट्ट्या आपण बुजवत चाललो आहोत. दक्षिण कोरियात २००६ मध्ये साएमांगुमचा ३३ किलोमीटरचा बांध पुरा झाला तेव्हा एक मोठा थांबाच नाहीसा झाला. एकाच गोष्टीत अजोड असणं आणि चहू बाजूंनी काटक असणं, यांतलं दुसरं मला मोठं वाटतं.

जीवशास्त्र जाणणारे इथे हरकत घेतील: प्रत्येक प्राणी आपापल्या जागी काटक असतो, मासा झाडावर चढत नाही म्हणून तो दुबळा ठरत नाही, सबब हा प्रश्नच फोल. ही या वादातली सर्वांत सबळ हरकत आहे आणि अर्ध्याहून जास्त मला ती मान्य आहे. पण मग जो प्राणी आपल्या जागेतून उचलून भलत्याच मुलखात नेला, भलत्याच कामाला जुंपला, भलतंच खायला घातलं, तरी तग धरतो आणि वंश चालवतो, त्याच्याबद्दल काय म्हणायचं? त्याची परीक्षा तर स्वतःच्या जागेबाहेर झालेली असते. अशी परीक्षा दिलेले प्राणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. झुरळ आणि उंदीर त्यांत आहेत, हे नाकारत नाही. पण ते माणसाच्या चोरट्या सावलीत, आपल्याच अन्नावर आणि आपल्याच उबेत वाढले. गाढव आपल्या ओझ्याखाली वाढलं.

गाढवाचं मूळ ईशान्य आफ्रिकेत. त्याचा रानटी भाऊबंद आजही डॅनाकिलच्या वाळवंटात, जगातल्या अतिउष्ण मुलखात, थोड्याशा संख्येने उरला आहे. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला माणसाळवलं आणि तिथून ते इजिप्त, मध्य आशिया, लडाख, स्पेन, मेक्सिको असं कुठे कुठे गेलं. शरीराची घडण बघा. वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही ते उभं राहतं. माणसाचं दहा-बारा टक्के गेलं तरी जिवावर बेततं. पाणी मिळालं की काही मिनिटांत बहुतेक तूट भरून काढतं. उंट त्याच्याहून जास्त दिवस पाण्यावाचून काढतो, हे कबूल, पण उंटाला डोंगराच्या कपारीतली पायवाट चढता येत नाही. घोडा ज्या कडब्याकडे आणि वाळक्या गवताकडे बघणार नाही त्यातून गाढव आपलं पोषण काढतं. गाढवीण जवळजवळ वर्षभर शिंगरू पोटात वागवते आणि तिच्या मालकाची हातावर पोट असलेली परिस्थिती असली तर त्यातले कितीतरी महिने ओझं वाहतच असते. जन्मल्यावर तासा-दोन तासांत शिंगरू उभं राहतं आणि काही दिवसांत आईच्या मागून त्याच वाटेला लागतं.

इजिप्तमध्ये अबायडोस इथे पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या स्मारकाजवळ दहा गाढवं मानाने पुरलेली सापडली. त्यांच्या मणक्यांवर आणि सांध्यांवर ओझ्याने झालेली झीज स्पष्ट दिसते. म्हणजे राज्य उभं करणाऱ्यांना तेव्हा ठाऊक होतं की हे कोणाच्या पाठीवर उभं आहे. आपल्याकडे पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो. वडार, कुंभार, बेलदार, कैकाडी मंडळी वर्षानुवर्षं तिथे येतात. घेणारा गाढवाचा ओठ वर करून दात बघतो आणि त्यावर दुवान (दोन दातांचं) की चौवान (चार दातांचं) हे ठरतं. पण त्याचा हात पुढे पाठीवर फिरतो ते बघण्यासारखं असतं. गोणी घासून जिथे जखम झाली आणि भरली, तिथे पुन्हा उगवणारे केस पांढरे असतात. करड्या पाठीवर, खांद्याच्या उंचवट्यामागे, बोटभर रुंदीचे ते पांढरे डाग असतात. प्रत्येक डाग म्हणजे एक भरलेली जखम, आणि जखम भरेपर्यंत जनावर बसून राहिलं असेल असं मानायला जागा नाही. गडांवर डागडुजीसाठी चुना-दगड आणि जुन्या पेठांच्या बोळांत वाळू ज्यांनी नेली, तीच ही पाठ. काटकपणाचा याहून स्वच्छ पुरावा मला कोणत्याही प्रयोगशाळेच्या तक्त्यात दिसत नाही.

पण हे तर पाळीव जनावर, माणसाच्या आधाराने जगणारं, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. उत्तर माणसाने सोडून दिलेल्या गाढवांकडे आहे. ऑस्ट्रेलियात १८६६ पासून ओझ्यासाठी गाढवं नेली. मोटारी आल्यावर ती रानात सोडून दिली गेली. तिथल्या उजाड उत्तर भागात ती इतकी वाढली की पुढे सरकारने हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून ती कमी केली. अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात रानटी झालेली गाढवं कोरड्या ओढ्यांच्या वाळूत खुरांनी दोन मीटरपर्यंत खोल झिरे खणतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की त्या झिऱ्यांवर हरणं, पक्षी, रानमांजरं असे पन्नासहून अधिक जातींचे प्राणी पाणी प्यायला येतात. दुष्काळी गावातला माणूस नदीच्या पात्रात जे करतो तेच हे जनावर कुणी न शिकवता करतं, आणि त्यावर इतर जगतात. कोणता वाघ दुसऱ्याची तहान भागवतो?

गाढवाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. सततचा पाऊस आणि ओली थंडी त्याला मानवत नाही, घोड्याची केसाळ कातडी पाणी अडवते तशी त्याची अडवत नाही. आणि एक दुखणं असं आहे, की दोन-चार दिवस त्याचं खाणं सुटलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर ते दगावतं. शिवाय दुखणं दाखवायची त्याला सवय नाही. घोडा पोटदुखीने गडबडा लोळेल. गाढव मान खाली घालून नुसतं उभं राहील. पशुवैद्यालाही ते चटकन ओळखू येत नाही, मालकाला तर नाहीच. नेमकं इथेच हा वाद पोरखेळ उरत नाही. एखाद्याला काटक म्हटलं की आपण त्याच्याकडे बघायचं सोडून देतो.

गिधाडांच्या बाबतीत हे घडून गेलेलं आहे. अँथ्रॅक्सने मेलेलं गुरू खाऊन पचवणारा, जठरात जहाल आम्ल बाळगणारा हा पक्षी. त्याला काय होणार आहे? १९९० च्या दशकापासून तो आपल्या डोळ्यांसमोर मरत गेला. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक, संधिवाताला आणि सुजेला वापरतात ते साधं वेदनाशामक, मेलेल्या गुराच्या मांसातून त्याच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं बंद पडत. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाच्या अंत्यविधीला गिधाडं उरली नाहीत. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी यायला २००६ उजाडलं. ते आधी कोणाच्या लक्षात का आलं नाही? गिधाडाची काळजी करायची असते, हेच कोणाच्या मनात नव्हतं.

गाढव आज त्याच वाटेवर आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती. २०१९ मध्ये ती सुमारे १ लाख २४ हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत ६१ टक्के घट. ट्रॅक्टर आणि टेम्पो आले, पारंपरिक धंदे बसले, हे एक कारण. दुसरं कारण त्याचं कातडं. चीनमध्ये त्यापासून एजियाओ नावाचं औषध करतात आणि त्यापायी जगभर गाढवं मारली जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकन युनियनने कातड्यासाठीच्या कत्तलीवर बंदी घातली ती याचमुळे. आणि जी उरली आहेत ती कशी जगतात? संत एकनाथांनी काशीहून आणलेली गंगाजलाची कावड रामेश्वराऐवजी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि नाथांची थोरवी मनात ठेवतो. पण त्या कथेतलं गाढव तहानेने मरायला टेकलं होतं, हेही तितकंच लक्षात घ्यायला नको का? ‘गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ ही म्हण कुणीतरी डोळ्यांनी बघूनच केलेली आहे.

कायदा याबाबतीत मुका नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. गाढवावर ५० किलोंहून जास्त ओझं लादायचं नाही. दिवसात नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घ्यायचं नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. एक वीट साधारण तीन किलोंची धरली तर ५० किलो म्हणजे सोळा विटा. कोणत्याही वीटभट्टीवर एप्रिलच्या दुपारी उभं राहून गाढवाच्या पाठीवरच्या विटा मोजाव्यात आणि मोबाइलमध्ये तापमान बघावं. मालकावर सगळा दोष टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. त्याची मजुरी खेपांवर असते आणि पाठीवर विटा कमी म्हणजे घरात पीठ कमी. म्हणूनच ही जबाबदारी भट्टीचालकाची आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणेची आहे. भट्टीला परवानगी देताना पाण्याचा हौद, सावलीची जागा आणि दुपारच्या तीन तासांची सुट्टी ही अट घालता येईल. त्या तीन तासांची मजुरी मालकाला मिळेल असा खेपेचा दर बांधून देता येईल. जेजुरीच्या आणि मढीच्या बाजारात आलेल्या प्रत्येक जनावराची पाठ, खूर आणि दात तपासणारं पशुवैद्यकीय पथक बाजाराचे सगळे दिवस ठेवता येईल. उष्णतेच्या लाटेचा इशारा निघतो तेव्हा शाळांच्या वेळा बदलतात, मजुरांसाठी सूचना निघतात. त्याच पत्रकात ओझ्याच्या जनावरांसाठी दोन ओळी घालायला कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याला नवा कायदा लागत नाही.